कोऱ्या चादरीचा निकाल

४ मार्च

सापडला! सापडला, सापडला, सापडला! अक्षर म्हणजे नुसती गिचमिड.

पुलाखालच्या वटवाघळांच्या विष्ठेत नवा विषाणू. तिथे अंथरलेल्या सहाच्या सहा चादरींवर! आमचा संगणकवाला – त्याला आम्ही ‘ढेकर’ म्हणतो, निकाल सांगण्याआधी हमखास देतो म्हणून – नुसताच पडद्याकडे बघत बसला. ढेकर नाही की काही नाही. मग म्हणाला, “ताई, हा कुठल्याच यादीत नाही.” मी त्याच्या पाठीत असा धपाटा घातला की त्याचा चहा सांडला.

अठरा वर्षं! बेडूक, उंदीर, तळ्यातला गाळ, हरणांच्या लेंड्या – काय काय म्हणून उकरलं नाही. आणि प्रत्येक शोधनिबंधात माझं नाव चौथं, नाहीतर पाचवं. हा मात्र माझा.

५ मार्च

आईला सांगितलं. ती साहेबांना पेरू भरवत होती. (साहेब म्हणजे आमचा पोपट. मान तशी ठेवतो, म्हणून.) म्हणाली, “छान झालं हो. आता ह्याची पिसं का गळतात तेही बघ. जगाची दुखणी हुडकत फिरतेस, इथे घरातला टकला होत चाललाय.”

“अगं, वय झालंय त्याचं!” दोन वर्षं हीच रेकॉर्ड लागलीय घरात.

८ मार्च

प्रयोगशाळेच्या प्रमुख मॅडम खूश! म्हणजे काय, तर चष्मा काढून पुसला. एकवीस तारखेच्या परिषदेत हे मी मांडायचं. मी! एवढं बोलून निघाल्या आणि दारातून परत फिरल्या. “कोरीचं काय आलं?”

झालं!

कोरी म्हणजे सातवी चादर. सहा पुलाखाली अंथरायच्या, दुसऱ्या दिवशी त्यांच्यावर पडलेलं खरवडून तपासायचं. सातवी घडी करून पिशवीतच ठेवायची आणि तीही तशीच खरवडून तपासायची. तिच्यावर काही सापडता कामा नये. सापडलं तर घाण आपली, वटवाघळांची नव्हे. नवशिक्यांना हे मीच घोकून घेते. आणि ह्या वेळी मीच कोरी तपासली नाही! रसायन सहा नळ्यांपुरतंच उरलं होतं. म्हटलं, कोऱ्या चादरीवर काय असणार, कपाळ?

“बाकी आहे,” म्हटलं.

“मग परिषदही बाकी आहे,” म्हणाल्या आणि गेल्या. खडूस बाई! (बरोबर आहे त्यांचं.)

११ मार्च

रसायन आलं. कोरी लावली. निकाल उद्या.

१२ मार्च

कोरीवरही आहे.

१३ मार्च

रडून झालं. ढेकरने टेबलावर बिस्किटांचा पुडा आणून ठेवला. गुणी पोरगा.

दुपारी मात्र अख्खा पुडा संपवून ताडकन उठले. अरे, वटवाघळांचा नसेल, पण नवा तर आहेच ना! मग आला कुठून? चादरी ब्लीचमध्ये धुतल्या – ठीक. धुतलेल्या पाण्यात काही नाही – तपासलं. वाळत कुठे घातल्या? एरवी प्रयोगशाळेच्या गच्चीवर. पण गच्चीला रंग चाललाय, म्हणून सातही चादरी मी घरी नेल्या होत्या.

घरी. बाल्कनीत. पिंजऱ्याशेजारच्या दोरीवर!

साहेब रोज सकाळी अंग झाडतात. पांढरा कोंडा उडतो. आई म्हणते, “बघ, पुन्हा पावडर उडवली!”

घरी धावत आले आणि पिंजऱ्यातलं पीस चिमट्याने उचलून नळीत टाकलं.

“काय गं, चोरासारखी काय करतेस?”

“काही नाही!”

१७ मार्च

तोच! पहिल्यापासून शेवटपर्यंत तोच! ढेकरने ह्या वेळी एवढा मोठा दिला की शेजारच्या खोलीतून कुणीतरी विचारलं, काय पडलं? हसून हसून डोळ्यांत पाणी. मॅडमसुद्धा हसल्या – आणि परिषदेच्या यादीतून माझं नाव काढलं. “एका पोपटावर कोण भाषण देतं?”

संध्याकाळी आईला सगळं सांगितलं. वाटलं, आता धडगत नाही. “मग मी दोन वर्षं काय बोंबलत होते?” एवढं ती बोलणारच होती, तेवढंच बोलली. मग पिंजऱ्यापाशी जाऊन उभी राहिली. “बरा होईल का गं?”

माहीत नाही, म्हटलं. लाज वाटली. विषाणू सापडल्यावर मी नाचले होते, आणि तो ह्याला आतून खातोय हे दोन वर्षं माझ्या नाकासमोर चाललं होतं. उद्यापासून ह्याच्यावर काम. परिषद गेली खड्ड्यात.

१९ मार्च

साहेबांचा उरलेला पेरू आई रोज कठड्यावर ठेवते, समोरच्या झाडावरचे रानपोपट येऊन खातात. आज सकाळी तिने मला हाताने ओढत बाल्कनीच्या दारात आणलं, तोंडावर बोट ठेवलं आणि कठड्याकडे दाखवलं.

अकरा पोपट होते. त्यांतले तीन टकले.