कागदी पाकीट

प्रिय टेसा,

परवा तू फोन आपटलास तेव्हापासून मी चिडलेला आहे. कुणावर ते ठरत नव्हतं, म्हणून सगळ्यांवर चिडून पाहिलं. आधी त्या प्रयोगशाळेवर. यंत्रातली बाई म्हणते, यासाठी एक दाबा, त्यासाठी दोन दाबा. पाचपर्यंत दाबल्यावर एक खरीखुरी पोरगी बोलली. तुमचं नातं काय, म्हणाली. मी म्हटलं, बाप. "म्हणजे गालातला नमुना तुम्हीच दिला होता का?" अहो, मुलीचा बाप! "मग तुम्हाला काही सांगता येणार नाही, सर." तेही बरोबरच म्हणा. मग पोस्टातल्या व्हर्नावर चिडलो. या पत्राचं पाकीट आधीच तिकिटांसाठी नेलं होतं. त्यावरचा रूथमावशीकडचा तुझा पत्ता वाचत ती हळूच विचारते, "एल्वुड, घरी बरं आहे ना सगळं?" आपल्या बेटावर माणसं एकशे चाळीस आणि कान दोनशे ऐंशी. मी म्हटलं, तू तिकिटं चिकटव.

बाकी ठीक आहे. शेवंडं अजून खोल पाण्यातच आहेत, सापळे निम्मे रिकामे वर येतात. तुझ्या आईच्या थडग्यापाशी लावलेली झाडं जगली. रूथमावशीला सांग, तिनं पाठवलेला मुरंबा एमरीनं एकट्यानं संपवला. तू गेल्यापासून तो रोज सकाळी माझ्याकडे येतो, कॉफी ओततो, बसतो, आणि अर्धा कप तसाच ठेवून बोटीवर जातो. नवरा म्हणून कसा आहे ते तू जाणतेस. जावई म्हणून कालपर्यंत मी त्याला चार वर्षांत दोनदा गाढव म्हटलं होतं.

मार्चमध्ये त्या माणसानं तुझ्यावर जे केलं, ते मी आजवर 'ते' एवढंच म्हणत आलो. मदतकेंद्रातल्या जोसलीनबाई मला म्हणाल्या, "तुमच्या मुलीनं पोलिसांसमोर बसून बलात्कार हा शब्द उच्चारला, आणि तुम्हाला स्वतःच्या स्वयंपाकघरात उच्चारता येत नाही?" आज लिहिला. हात थांबला नाही, मला वाटलं होतं थांबेल.

त्याच महिन्यात तुला दिवस राहिले. मूल एमरीचं की त्या माणसाचं, हे तुला आत्ताच हवं होतं; जन्मल्यावर नको. जोसलीनबाईंनी सांगितलं की हल्ली पोटाला हात लावावा लागत नाही, तुझ्या दंडातलं रक्त आणि एमरीच्या गालातला ओला कापूस एवढ्यावर कळतं, आणि तुझ्यासारख्या बायकांसाठी केंद्रच सगळी व्यवस्था करतं. तू लगेच हो म्हणालीस. मी मात्र फोनवर माझं प्रवचन सुरू केलं. मूल कुणाचंही असो, देवाचंच. तू म्हणालीस, "बाबा, देवाला झोप लागते. मला लागत नाही."

तुझं ते बोलणं मला उद्धट वाटलं. आठवडाभर प्रार्थनेत मी देवाकडे तुझीच तक्रार केली. नंतर एका सकाळी खाडीच्या तोंडाशी धुक्यात अडकलो आणि उजाडलं माझ्या डोक्यात. खडक कुठे आहे ते ठाऊक असलं की माणूस होडी कशीही काढतो. कुठेतरी आहे, एवढंच ठाऊक असलं की भर दुपारी सुकाणूवरचा हात कापतो. तुला खडक कुठे आहे ते हवं होतं. पुढे होडी कुठे न्यायची ते तूच ठरवणार होतीस, ना एमरी, ना मी, ना आमचे पाद्री.

आणि मग तो कागद आला. पतीचा नमुना निकामी, बुरशी आली, पुन्हा पाठवा. दहावा आठवडा लागलेला आणि वर आणखी दोन आठवडे थांबायचं. तू मला म्हणालीस, "त्याला कळायलाच नकोय, बाबा. मुद्दाम नासवलं त्यानं." तेव्हापासून तू त्याचा फोन घेत नाहीस.

टेसा, नमुना घेतला त्या दिवशी तो माझ्याच टेबलाशी बसला होता. सूचनांचा कागद दोनदा वाचला, दुसऱ्यांदा ओठ हलवत. अर्धा तास तंबाखू नाही, कॉफी नाही, घड्याळ समोर. माझ्या हातातला कपसुद्धा त्यानं लांब सरकवायला लावला. कापसाच्या चारही काड्या पेल्यात उभ्या करून वाळवल्या, कुणी फुंकर घालायची नाही म्हणाला. मग त्या छोट्या कागदी पाकिटात घातल्या आणि पाकीट खोक्यात ठेवलं. त्याला भरतीची वेळ गाठायची होती, म्हणून टपालाच्या बोटीवर पोचवायचं काम माझ्याकडे दिलं. दारातून वळून म्हणाला, "बाबा, आहे तसंच द्या हं. उघडू नका."

धक्क्यावर धुकं असं होतं की भुवयांवरून पाणी गळत होतं. तीस वर्षं मी या समुद्रावर कागद कोरडे ठेवतोय. काडेपेटी पिशवीत, परवाना पिशवीत, होडीवरचं बायबलसुद्धा पिशवीत. मनात म्हटलं, या कालच्या पोरानं मला शिकवावं? खोकं उघडलं, खिशातली ब्रेडची रिकामी पिशवी काढली, पाकीट तिच्यात घातलं आणि तोंड घट्ट पिळून गाठ मारली. सुट्ट्या लागून आल्या, चार दिवस ते तसंच घुसमटलं. 'प्लास्टिक नको' असं सूचनांत ठळक छापलेलं आहे. मी वाचलं नव्हतं. बेटावरच्या शाळेत वाचायला शिकवलं होतं, हट्ट मी घरी शिकलो.

मुद्दाम केलं नाही. पण आधी आठवडाभर मी देवाकडे मागत होतो की हे उत्तर येऊच नये, हेही खरं आहे. त्या दोन गोष्टींच्या मधे काय आहे ते मला अजून नीट दिसत नाही. तुझी माफी त्या दोन्हींसाठी मागतो.

पण हे पत्र माफीसाठी नाही. आज सकाळी मी एमरीला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "माहीत होतं, बाबा. ब्रेडच्या पिशवीला अशी गाठ बेटावर तुम्हीच मारता. प्रयोगशाळेनं कळवलं होतं मला, गाठ मारलेल्या ब्रेडच्या पिशवीत होतं म्हणून." मी ओरडलोच, मग तिला का सांगितलं नाहीस, मूर्खा? तर म्हणतो, "सध्या तिला एक माणूस तरी भरवशाचा हवा. मी म्हटलं, तो तुम्ही असू दे." तिसऱ्यांदा त्याला गाढव म्हटलं आणि उठून बाहेर गेलो. त्याचा नवा नमुना सोमवारी गेला, तो स्वतः बोटीनं जाऊन देऊन आला. मला हात लावू दिला नाही. तू बोलावल्याशिवाय तो तुझ्या दारात येणार नाही. बोलवायचं की नाही ते तुझं तू ठरव, फक्त खरं कळल्यावर ठरव. हे पत्र साध्या कागदी पाकिटात टाकतोय. बाहेर पाऊस आहे. शाई पसरली असेल तिथे नेटानं वाच.

तुझाच, हट्टी
बाबा