घरचा निंब

लष्कर, ग्वाल्हेर
१२ नोव्हेंबर १९५६

चि. रमाकांत यास इंदुताईचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

नवं राज्य झालं, राजधानी भोपाळला गेली आणि तिच्या मागून तुमचं शेतीखातंही. कपाटं गेली, भिंतीवरचं घड्याळसुद्धा गेलं. किला गेटच्या प्रयोगशाळेत आता मी, सहा बरण्या आणि घड्याळाचा खिळा उरलो आहोत. माझी हंगामी नोकरी मार्चअखेरपर्यंतच, हे तुला माहीत आहे.

माझी वही जपून ठेव. तीन हिवाळे गेलेत तिच्यात. उतरवलेल्या पेरूंना बुरशीचे काळे डाग पडतात. निंबाच्या पाल्याच्या गार काढ्यात बुडवून सावलीत सुकवले, तर दहाव्या दिवशी शंभरातले आठच नासतात; न बुडवलेले साठ. 'ही वही तुझ्या नावानिशी बड्या साहेबांसमोर ठेवतो, ते तुला भोपाळला कायम करतील,' असं तू आईच्या फोटोसमोर म्हणालास. माझं नाव पहिल्याच पानावर आहे. तू लहानपणापासून विसराळू, म्हणून सांगितलं.

सौ. वनमालेस आशीर्वाद.

तुझी,
इंदुताई


भोपाळ
२२ जानेवारी १९५७

ती. स्व. इंदुताईस रमाकांतचा सा. न. वि. वि.

उशीर झाला, रागावू नकोस. इथे ग्वाल्हेर, इंदूर, रीवा, नागपूर, सगळीकडचे अधिकारी एकाच ज्येष्ठतेच्या यादीत कोंबलेत. वर सरकायचं तर स्वतःचं काही संशोधन दाखवावं लागतं. म्हणून तुझ्या वहीवरून केलेलं खात्याचं पत्रक माझ्या नावाने छापलं. हंगामी बाईचं नाव खात्याने घेतलंच नसतं. आणि तू-मी काय वेगळे?

तातडीचं असं, की प्रदर्शनात पेरू दहा दिवस छान टिकले. पण मुख्य पाहुण्यांनी एक चावला आणि रुमालात थुंकले. कडू जहर! मी तर तुझ्या वहीत लिहिल्याबरहुकूम केलं होतं. दहा फेब्रुवारीला पुन्हा दाखवायचं आहे. काय चुकलं ते उलट टपाली कळव.

लोभ आहेच, तो वाढावा.

तुझा,
रमाकांत


लष्कर, ग्वाल्हेर
२९ जानेवारी १९५७

रा. रा. रमाकांत यांस सा. न. वि. वि.

तुझ्या पत्राआधी तुझं पत्रक पोचलं. खात्याने ते मलाच 'मार्गदर्शनार्थ' पाठवलंय. माझं काम कसं करायचं ते मी मन लावून वाचलं. त्याच पाकिटात माझी सेवा ३१ मार्चला समाप्त होत असल्याचा हुकूम होता. खाली 'आदेशानुसार' म्हणून तुझी सही. 'र'ची शेपटी अजून तशीच ओढतोस.

आता काय चुकलं ते. आपल्या घरात निंब म्हणजे कढीनिंब. दुसऱ्याला आई कडुनिंबच म्हणायची, त्यातलं 'कडू' तिने कधी गाळलं नाही. निंब आण म्हटलं की तू परसातून कढीत टाकायची डहाळी आणायचास. वीस वर्षं ती कढी प्यालास. दफ्तरात बसून तोच शब्द वाचलास आणि तुला नीम आठवला. पेरू सालीसकट खातात, एवढं तरी आठवायचं.

थोडी चूक माझीही. वही घरच्या माणसाच्या हाती द्यायची, म्हणून घरच्या भाषेत लिहिली.

दहा तारखेची काळजी करू नकोस. बड्या साहेबांना मी आजच हिंदीत कळवलं आहे: वहीतला निंब म्हणजे मीठा नीम. सोबत तुझं पत्र जोडलं आहे, 'तुझ्या वहीत लिहिल्याबरहुकूम' या शब्दांखाली रेघ मारून. नोकरी राहो न राहो, वही कुणाची ते त्यांना कळेल.

तुझा लोभ पाहिला. आहे त्याहून तो वाढवू नये, ही विनंती.

इंदुमती