चार वाजताचा चहा

सिंदी मेघे. मंगळवार, १२ मे. संध्याकाळ.

सिलिंडर पुन्हा महागलं तेव्हा चार वाजताचा चहा मीच बंद केला. घरात आम्ही दोघंच, नियम पाळणं अवघड नव्हतं. दुसऱ्या दिवसापासून चार वाजले की हे भर उन्हात डोक्याला दुपट्टा बांधून नाक्यावरच्या टपरीवर जाऊ लागले.

मला फक्त गॅसची बचत दिसली. त्या चहाबरोबर आणखी काय जाईल, ते का नाही दिसलं? चहा पिताना हे पेपर उघडून मला समजावायचे, "गॅस जहाजानं बाहेरून येते. तिकडे भाव चढला, इकडे रुपया पडला, वरून वाहतूक न् कर. मंग आपली शेगडी महागनारच न!" मी अर्थशास्त्राची पदवीधर. सगळं ठाऊक असून दर वेळी विचारायची, "पण काऊन?" की हे पुन्हा जहाजापासून सुरू.

आज राहवलं नाही. चारच्या आधीच दोन कप मांडले, पण हे आज त्याहूनही लवकर निघून गेले होते. साडेपाचला परतले. तोवर चहा तीनदा गरम केला. महिनाभर वाचवलेला गॅस असा जाळला!

"काय अर्थमंत्रीणबाई, आज बजेट ढिलं? मी त पिऊन आलो न."

"बरं," एवढंच मी म्हटलं. चांगलं बोलायला काय झालं होतं मला?

यांचा कप अजून ओट्यावरच आहे, उचलवत नाही. टपरीवर यांना "पण काऊन?" असं कोण विचारत असेल?