त्या सकाळी पाऊस नव्हता

प्रिय ओदील,

अक्षराला हसू नकोस. आत्याकडे नीट जेवतेस ना? तिच्या सूपात मीठ फार, ती वळली की पाणी घाल. इथे पॅरिसात दगदग तीच. छापयंत्राचा दांडा ओढताना खांदा कुरकुरतो, बाकी मजेत.

तुझं ओढ्याकाठचं चित्र ब्रिसोच्या चित्रांच्या दुकानात दर्शनी लागलंय. परवा गेलो होतो. एक बाई नवऱ्याला म्हणाली, "अहो, बघा तरी, अंगावर सरी आल्यासारखं वाटतंय!" तो म्हणाला, "मग छत्री घेऊ, स्वस्त पडेल." सगळे हसले. ब्रिसोने माझी पाठ थोपटली, "काय पोर आहे रे तुझी, म्हाताऱ्या! असली पावसाची आणखी सहा चित्रं हवीत. तिलाही कळवलंय." मला तिथून पळावंसं वाटलं.

तू कोरलेला तांब्याचा पत्रा घेऊन आलीस, तेव्हा मीच म्हणालो ना, रेघा नाजूक आहेत, त्या खोल करणाऱ्या तेजाबाला घाबरलीस. आभाळ तर तू मोकळंच सोडलेलं. पत्र्यावरची शाई नीट पुसली असती तर कागद तिथे पांढरा राहिला असता. मी पुसली नाही. मलमलीच्या चिंधीने आभाळभर सरींसारखी ओढून ठेवली. छाप हातात घेऊन तू म्हणालीस, "बाबा, त्या सकाळी पाऊस नव्हता." मी म्हणालो, "आता आहे. गिऱ्हाइकाला रिकामा कागद विकायचा का?" तू छाप वाळत घातलास. मला वाटलं, पटलं.

काल तिकडून येणाऱ्या दूधवाल्याबरोबर आत्याचा निरोप आला. तू रोज ओढ्यावर भिजत बसतेस, पाऊस कोरायला बघतेस, पत्रे नासवतेस आणि रडतेस म्हणे. अगं, चिंधीने केलेलं कोरायच्या सुईला कसं जमणार?

आज तुझा पत्रा काढला, लख्ख पुसला आणि छापला. एक छाप सोबत पाठवतोय. थंडी आहे गं त्यात. झाडं कडक उभी आहेत, वर काही नाही, म्हणून पार लांबचा बांध दिसतो. जन्म या धंद्यात गेला आणि घरच्या पोरीचं काम मी न बघताच बुडवलं. लाज वाटते.

पाऊस कोरू नकोस. ब्रिसोकडे मी जातो. भर दुकानात सांगतो, तो पाऊस बापाने पाडलाय, आणि असाच दुसरा छाप तिथे लावायला सांगतो. नाही म्हणाला तर तुझं चित्र काढून घरी आणतो. हसतील लोक. या खेपेला माझ्यावर हसू देत.

तुझाच,
बाबा