बाराची नोंद

६ मे, सकाळ
स्वयंपाकघराची खिडकी

प्रिय चिमणे,

आम्ही मजेत. तुझ्या वहिनीचा गुडघा कुरकुरतो आणि गुडघ्यापेक्षा जास्त ती. तुझी बेकरी कशी चाललीय? भट्टीपाशी हात पोळून घेत असशील आणि मलमाच्या नावाने ठणठणाट.

बातमी अशी, की समोरच्या झाडावर शिक्र्याची जोडी आलीय. चाळीस वर्षांनी, त्याच बेचक्यात. मादी महिनाभर अंड्यांवर बसून आहे. नर बिचारा सरडे आणतो आणि वर बोलणी खातो. तुझी वहिनी म्हणते, "बघा, शिका काहीतरी." आज-उद्या पिल्लं बाहेर येतील.

आपली ती सुटी आठवते? बाबा दुकानात घड्याळं दुरुस्त करायचे आणि घरी आपल्याला शिक्र्याच्या पाळ्या लावून द्यायचे. दुपारी बारापर्यंत मी, पुढे तू. कावळे आले की पत्रा बडवायचा, आणि पाळी संपली की वहीत नोंद. तू ताटसुद्धा खिडकीतच घ्यायचीस. "दादा, आज तिने माझ्याकडे बघितलं," असं रोज सांगायचीस. मी म्हणायचो, शिक्रा चिमणीकडे कशाला बघतो ते कळतं का तुला? तू रागावून माझ्या वाटणीचं लोणचं संपवायचीस. किती छान दिवस होते गं.

काल बाबांच्या कपाटात दुर्बीण सापडली, आणि ती वही. खरं तर वहीबद्दलच लिहायला बसलोय आणि मघापासून लोणच्यापर्यंत फिरून आलोय.

शेवटची नोंद अशी आहे: "दुपारी १२. मादी बसलेली. सर्व ठीक." अक्षर माझं. ती मी सकाळी आठलाच लिहून ठेवली आणि मॅच खेळायला पळालो. खिडकीत कोणीच नव्हतं.

तू आलीस तेव्हा घरटं मोकळं होतं आणि खाली टरफलं. बाबांनी वही उघडली. लिहिलेल्या वेळेवर त्यांचा भारी विश्वास. "बाराला होती. म्हणजे तुझ्या पाळीत गेली. पत्रा का नाही वाजवलास?" तू सांगत राहिलीस, "मी आले तेव्हाच नव्हती." मी शेजारी मूग गिळून उभा होतो. दुर्बीण कपाटात गेली आणि तू पुन्हा त्या खिडकीत बसली नाहीस.

तुला खोटारडी समजूनच बाबा गेले. ते आता मला दुरुस्त करता येत नाही. मला लाज वाटते, चिमणे.

वहीत खाडाखोड करायची नाही, चुकलं तर खाली लाल शाईने खरं लिहून सही करायची, हा बाबांचा नियम. मी लिहिलंय: "वरची नोंद खोटी. चिमणी खरं बोलत होती." खाली सही केलीय. वही सोबत पाठवतोय. दुर्बीण ठेवून घेतलीय, ती न्यायला तरी ये.

पिल्लं उडायला अजून महिना आहे. बारापर्यंत मी बघतो. बारानंतरची खुर्ची मोकळी आहे.

पत्रा मांडीवर घेऊन, या वेळी खरोखर खिडकीत बसलेला,
तुझा दादा