बाबांची पितळी वाटी

८ डिसेंबर, रविवार
वाटी आणायचीच! पुढच्या रविवारी रूपालीच्या बाळाचा बाप्तिस्मा. माझ्या नातवाच्या डोक्यावर पाणी पडेल ते बाबांच्याच वाटीतनं. बाबा पाळक होते. सोयगावकडच्या खेड्यांत सायकलवर फिरायचे, पिशवीत पवित्र शास्त्र आणि ही वाटी. माझ्यावर नि माझ्या भावावर, इंद्रजीतवर, तिच्यातनंच पाणी शिंपडलं.
पण वाटी आहे इंद्रजीतकडं. इथंच घोडं पेंड खातं!

९ डिसेंबर
सात वर्षं झाली भावाशी धड बोलून. त्या दुसऱ्या पंथाच्या मंडळीत गेला काय, आणि जायकवाडीच्या पाण्यात बुडून पुन्हा बाप्तिस्मा घेऊन आला काय! वर मलाच म्हणे, ‘ताई, पाळण्यातल्या पोराला काय कळतं?’ म्हणजे बाबांच्या हातचं पाणी खोटं?
त्याची बायको सत्यभामा, त्या मंडळीत दागिने चालत नाहीत म्हणून, बांगड्या-मंगळसूत्र उतरवून आली, तेव्हा मी तोंडावर विचारलं होतं — बाई, माझा भाऊ जिवंत आहे ना?

१० डिसेंबर
रूपाली सांगते, मामाकडं ती वाटी रोजच्या वापरात आहे. रोजच्या! अंगाचा तिळपापड झाला.
दुपारभर बाबाच डोळ्यांपुढं. थंडीत बाप्तिस्मा असला की आधी कुणाच्या तरी चुलीवर पाणी कोमट करून घ्यायचे. ‘पोर दचकलं नाय पाहिजे,’ म्हणायचे. किती मायेचा माणूस! आता तसे पाळक नाहीत. असतील, पण मला भेटत नाहीत.

१२ डिसेंबर, गुरुवार
छावणीत इंद्रजीतच्या घरी गेले, भांडायच्या तयारीनं. सत्यभामा म्हणाली, शेजारी मोनिकाबाईंकडं गेलेत.
मोनिकाबाई कॅथलिक. अर्धांगानं खाटेला खिळलेल्या, जवळचं कुणी नाही. दारातनं पाहिलं — इंद्रजीत बाबांच्या वाटीतल्या कोमट पाण्यात फडकं पिळून त्यांचं तोंड पुसत होता. मग वाटी घासून तिच्यातच पेज भरवली. त्यांची जपमाळ गादीखाली गेली होती, तीही शोधून हातात दिली. आमच्या चर्चमधल्या साध्या मेणबत्तीवरनं वाद घालणारा हा!
एकदम आठवलं. बाप्तिस्मा उरकला की बाबा त्याच वाटीत ताक प्यायचे. लोक बघत राहायचे. ‘वाटी ती वाटी,’ बाबा हसायचे. मीच ती कपाटात ठेवायला निघाले होते.
वाटी मागितली नाही. म्हटलं, रविवारी ये.
‘ताई, माझं मन मानत नाय गं. तुझ्यापुढं खोटं कशाला बोलू?’
राग यायला हवा होता, आलाच नाही. सत्यभामानं चहा केला. तिचे मोकळे हात पाहिले आणि माझीच मान खाली गेली. लहानपणी इंद्रजीत नि मी एका ताटात जेवायचो. फार वाईट वाटलं.

१४ डिसेंबर
स्टीलची वाटी घासून ठेवली. चालेल.

१५ डिसेंबर, रविवार
उपासनेआधी इंद्रजीत चर्चच्या पायरीपाशी उभा. आत येणार नव्हताच. माझ्या हातात थर्मास दिला.
‘कोमट हाय. गारठा लई पडलाय.’ आणि गेला.
बाळ दचकलं नाही.