हुकलेला तितर

भुज, कच्छ
१७ नोव्हेंबर २०२४

तीर्थरूप पोपटमामा यांस,
महेंद्रचा सविनय जयभीम वि. वि.

मी इथं खुशाल पोचलो. तुम्ही रागावला असाल. सुट्टी शिल्लक असताना भाचा परस्पर दौंडला गाडीत बसला, मामाला तोंडसुद्धा दाखवलं न्हाई. फोनवर तुम्हाला ऐकू येत न्हाई आन् मला वरडून सांगण्यासारखी ही गोष्ट न्हाई, म्हणून लिहायला बसलोय. अक्षराला हसू नका. शाळेनं मला सोडलं का मी शाळेला, याचा निकाल अजून लागायचाय.

झालं असं. शिरूरला सैफकडं गेलो होतो. त्याच्या अब्बांचे, रशीदचाचांचे गुडघे गेलेत. आता जत्रेतला फुगे फोडायचा स्टॉल सैफ एकटाच बघतो, आन् बाकीचे दिवस रांजणगावला कंपनीत. मला म्हणाला, चल, लहानपणीसारखं रानात जाऊ. स्टॉलवरची छर्‍याची बंदूक घेतली, मोकळे डबे घेतले आन् गाडीवर टांग टाकून घोडनदीच्या पल्याडच्या माळावर गेलो.

तुम्हाला ठाऊक हाय, चाचांच्या बंदुका सरळ नसतात. नळीच्या टोकावरची नेम धरायची माशी ते पक्कडीनं जराशी डावीकडं वाकवतात. गिर्‍हाईक फुग्यावर नेम धरतं आन् छर्रा वीतभर उजवीकडं जातो. मी आन् सैफ त्या स्टॉलवरच वाढलो. आम्ही डावीकडं धरायचो आन् फुगा फोडायचो.

माळावर गाडी उभी करतोय तवर बांधावर तितर दिसला. सैफ हळूच म्हणाला, एकच छर्रा. लागला तर मी तुला जन्मात परत गावाकडं ये म्हणणार न्हाई. हुकला तर चैत्रापासून माझ्यासंगं जत्रा धरायच्या, अर्धी भागी. मी म्हणालो, जा, चूल पेटव. वीतभर डावीकडं धरलं आन् घोडा ओढला. तितरानं मान वळवून माझ्याकडं बघितलं, मग सावकाश उडाला. घाबरलासुद्धा न्हाई.

मग सैफनं बांधावर डबे मांडले. त्याचा एक हुकला न्हाई, माझा एक लागला न्हाई. छर्रे कुठं जात होते तेसुद्धा मला कळंना. हसत हसत म्हणाला, पवनचक्क्यांचं वारं लागलं तुझ्या डोळ्यांना. मी बंदूक त्याच्या हातात दिली आन् चालत रस्त्याला आलो. तवापासून त्याचा फोन उचलला न्हाई.

मामा, शब्द दिलाय म्हंजी यावं लागंल, त्याचं एक. पण खरी गोष्ट निराळीच हाय. इथं कामावर पवनचक्कीच्या मनोर्‍यावर चढतो तवा पट्ट्याचा हुक अडकला का न्हाई ते पुन्हा पुन्हा चाचपतो. डोळ्यावर इस्वास राहिला न्हाई. आन् ज्याला डोळ्याचा इस्वास न्हाई त्यानं वर चढू नये. तुमच्या ज्वारीच्या माळ्यावरनं मी गोफण मारायचो तवा तुम्ही म्हणायचा, पोराची नजर लई तयार हाय. ती खरंच तशी होती, का आई नसलेलं पोर म्हणून म्हणायचा? खरं सांगा.

पत्राला उत्तर द्या. रागात दिलं तरी चालंल.

आपला,
महेंद्र

कासुर्डी
८ डिसेंबर २०२४

चि. महेंद्र यास,
पोपटमामाचे अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. राग तर हायेच, तो तू आल्यावर देईन, टपालानं पाठवत न्हाई. तितर मारायला जाता, वनखात्याचा माणूस भेटला असता म्हंजी चैत्रात जत्रा नव्हं, कोर्टाच्या तारखा धरल्या असत्या दोघांनी. तो उडून गेला ते त्याचंबी नशीब आन् तुमचंबी.

तू जे इचारलंस त्याचं उत्तर बसल्या जागी देता येईना. म्हणून गेल्या आठवड्यात राहू गावात उरूस होता तिथं गेलो. सैफचा स्टॉल होताच. मला बघून त्यानं खुर्ची दिली, चहा सांगितला, तुझं इचारलं. मी म्हणालो, चहा राहू दे, बंदूक दे. मलाबी चाचांची खोड ठाऊक, मी डावीकडं धरलं. हुकलं. पुन्हा धरलं, पुन्हा हुकलं. बाजूला शाळेतली एक पोरगी होती, ती डोळा मिटून सरळ नेम धरायची आन् फटाफट फुगे फोडायची. मग मीबी सरळ धरलं. फुटला की रे!

मी सैफला धरलं. मला ऐकू येत न्हाई म्हणून मी किती मोठ्यानं बोलतो ते मला कळत न्हाई. अर्धा उरूस गोळा झाला म्हणं. त्यानं सगळं सांगितलं. पावसाळ्याआधी कुठल्याशा जत्रेत पोरांनी वाकड्या माशीचं मोबाइलवर शूटिंग काढलं आन् गावभर फिरवलं. माणसं अंगावर आली. तवा चाचांनी स्वतःच सगळ्या माश्या सरळ करून घेतल्या. तुला सांगायचं सैफ इसरला. तितर उडाला तवा त्याच्या ध्यानात आलं. पण तोपर्यंत तो जिंकला होता, म्हणून गप बसला. डबे मांडले तवाबी गप बसला. माझ्यापुढं रडकुंडीला आला. म्हणाला, मामा, एकट्यानं स्टॉल उभा करताना आजूबाजूला बघतो तर कुणी न्हाई, म्हणून केलं. मी त्याला शिव्या घातल्या, मग चहा घेतला.

तर तुझ्या डोळ्याला काय झालं न्हाई. तू जिथं धरलंस तिथंच छर्रा गेला. आन् ज्वारीच्या माळ्यावर मी जे म्हणायचो ते माया म्हणून न्हाई. माया होती ती निराळी, ती कवा बोलून दाखवली न्हाई.

पैज खोटी होती, ती मोडली असं समज. तू मोकळा हायेस. जीव सांभाळून चढ, आन् म्हातार्‍याची आठवण ठेव.

तुझा,
पोपटमामा

भुज, कच्छ
२२ डिसेंबर २०२४

तीर्थरूप मामा यांस,
सविनय जयभीम वि. वि.

तुमचं पत्र मनोर्‍याच्या पायथ्याशी बसून वाचलं आन् तसाच वर गेलो. हुक एकदाच अडकवला, पुन्हा चाचपला न्हाई. वरनं लांबवर मिठाची आगरं दिसली, त्यातली माणसंसुद्धा येगळी येगळी दिसली. लई बरं वाटलं. सैफच्या नावानं वरनंच चार शिव्या हासडल्या, त्या वार्‍यानं कुठं नेल्या कुणास ठाऊक.

पण मामा, खाली उतरल्यावर निराळंच वाटाय लागलं. नजर गेली असं वाटत होतं तवा मनात एक सोय होती. म्हणायचो, आता काय, हरलोय, जावं लागंल गावाकडं, माझा काय इलाज. रोज रात्री त्या सोयीवर झोप लागायची. चैत्रात कुठली जत्रा पहिली, तंबूचा बांबू कोण धरायचा, सगळं ठरवून व्हायचं. तुमच्या पत्रानं ती सोय काढून घेतली. आता कुणी बोलवत न्हाई, कुणी अडवत न्हाई. यायचं तर आपल्या मनानं यायचं. मला हे कवा जमलंच न्हाई. कंपनी सोडली, टेम्पो सोडला, सुरतची गिरणी सोडली, सगळीकडनं काहीतरी बिनसलं म्हणून निघालो. इथं तर काहीच बिनसलं न्हाई. पगार वेळेवर हाय, सुपरवायझर भला हाय, भाकरी सोडली तर जेवण बरं हाय.

काल त्या सुपरवायझरकडं गेलो. म्हणालो, साहेब, फाल्गुनापर्यंत काम करतो, माझ्या जागेवर माणूस बघा. त्यानं इचारलं, भांडण झालं का, दुसरीकडं जास्त मिळतंय का. मी न्हाई म्हणालो. मग का, असं म्हणाला. म्हणालो, जायचंय. आजवर सगळी कामं न सांगता सोडली मामा, सांगून सोडलेलं हे पहिलं.

सैफला मात्र मी येतोय ते एवढ्यात कळवू नका. मी इथं महिनाभर पट्ट्याचे हुक चाचपत होतो, त्यालाबी थोडं चाचपू द्या. चाचांना सलाम सांगा.

माया बोलून दाखवू नका, सवय न्हाई मला. हाय तशीच राहू द्या.

आपला,
महेंद्र